लॉकडाऊन, बंद खोली आणि व्हेप: मुलांचं ओढणं खरंच कमी झालं का?

कोपऱ्यातली_खुर्ची (धागाकर्ती)

कोव्हिडमध्ये पोरांचं व्हेपिंग (ई-सिगरेट ओढणं) घटलं, हे आता सगळ्यांनी गृहीतच धरलंय. पालकसभेत कुणीतरी ते म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि गाडी पुढच्या विषयावर जाते. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात समुपदेशक आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या मुलांकडे पाहून मला हे अर्धंच खरं वाटतं. उरलेल्या अर्ध्यावर कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

अमेरिकेत दरवर्षी शाळकरी मुलांची तंबाखूविषयी पाहणी होते, 'नॅशनल यूथ टोबॅको सर्व्हे'. 'गेल्या ३० दिवसांत व्हेप ओढलं' असं सांगणारी हायस्कूलची मुलं २०१९मध्ये २७.५ टक्के होती, २०२०मध्ये १९.६ आणि २०२१मध्ये ११.३. बातम्यांना एवढं पुरतं. पण २०२१च्या त्याच पाहणीत कारणंही विचारली होती. पहिल्यांदा का ओढून पाहिलं? सगळ्यात जास्त मुलांचं उत्तर, ५७.८ टक्के: मित्र-मैत्रीण ओढत होती म्हणून. आता का ओढता? जी मुलं तेव्हा ओढत होती त्यांच्यातलं सगळ्यात वरचं उत्तर, ४३.४ टक्के: चिंता, ताण, उदास वाटतं म्हणून.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की लॉकडाऊनने काय केलं ते बरंचसं उलगडतं. १८ मार्च २०२०ला न्यू जर्सीतल्या शाळा बंद झाल्या. मित्र गेले, शाळेचं बाथरूम गेलं, बस गेली. म्हणजे सुरुवात करून देणारं सगळं गेलं, आणि नवीन मुलं नादी लागायची थांबली. पण जी आधीच लागलेली होती, त्यांच्याकडे चिंता, ताण आणि उदासी यांचा साठा भरपूर, आणि दिवसभर दार लावलेली स्वतःची खोली.

शाळेत असताना दोन तासांमधली तीन-चार मिनिटं मिळायची. बाथरूमला जायला पास लागायचा, आत गर्दी, बाहेर शिक्षक. तेव्हा नववीत असलेली एक मुलगी (ओळख पटेल असं सगळं बदललंय) मला म्हणाली होती, "घरी पास कोण मागणार?" कॅमेरा बंद, माइक म्यूट, उशीखाली व्हेपचं पेन. बीजगणिताच्या तासाला कंटाळा आला की एक पफ, तास संपला म्हणून एक, कुणाचा मेसेज आला नाही म्हणून आणखी एक. शेजारच्या खोलीत वडील ऑफिसच्या कॉलवर. वाफ दिसू नये म्हणून ही मुलं 'झीरो' करतात. म्हणजे आत घ्यायचं आणि बाहेर काहीही दिसणार नाही इतका वेळ छातीत धरून ठेवायचं. आपण शेजारी बसलेलो असलो तरी कळत नाही. बाहीत तोंड घालून सोडायची पद्धत वेगळी, ती शाळेत चालते.

आणखी एक निरीक्षण. कोव्हिडच्या आधी चार मुलांत एक पेन फिरायचं. संसर्गाच्या भीतीने उष्टं पेन बंद झालं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ असा झाला की ज्याला हवंच होतं त्याने स्वतःचं घेतलं, आणि मग त्याच्या वाट्याला चौथा हिस्सा नाही, अख्खं आलं.

तुमच्या घरात, शहरात, देशात काय दिसलं? भारतातल्यांनीही लिहा. तिथे बंदी असूनही मिळतं हे ठाऊक आहे.

---

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण हे आकडे जपून वापरायला हवेत. दोन गोष्टी.

२०२०ची पाहणी १६ जानेवारी ते १६ मार्च या काळात झाली. म्हणजे २७.५वरून १९.६ ही जी मोठी घट आहे ती शाळा बंद व्हायच्या *आधीची* आहे! तिचं श्रेय लॉकडाऊनला देताच येत नाही. त्या वर्षभरात काय घडलं होतं? २०१९च्या उन्हाळ्यापासून व्हेपमुळे झालेल्या फुप्फुसाच्या इजेचे रुग्ण यायला लागले. फेब्रुवारी २०२०पर्यंत इस्पितळात दाखल झालेल्यांची संख्या २,८०७ आणि मृत्यू ६८. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काच्या काडतुसांचे होते, त्यातलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे मुख्य संशयित ठरलं, पण घबराट सगळ्याच व्हेपची झाली. जूल या व्हेप कंपनीने फळांचे आणि मिंटचे फ्लेवर काढून घेतले. डिसेंबर २०१९मध्ये खरेदीचं वय देशभर २१ झालं.

दुसरं. २०२१ची पाहणी जानेवारी ते मे ऑनलाइन झाली, कुणी वर्गात बसून भरली, कुणी घरून. वर्गात भरणाऱ्या हायस्कूलच्या मुलांत प्रमाण १५ टक्के निघालं, घरून किंवा इतरत्र भरणाऱ्यांत ८.१. हे धागाकर्तीच्या बाजूनेही वाचता येतं (घरी बसलेली मुलं खरंच कमी ओढत होती) आणि विरुद्धही (आई मागे उभी असताना कोण खरं लिहील?). पाहणी करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय की २०२१ची तुलना आधीच्या वर्षांशी करू नका.

मात्र एक आकडा सलग एकाच दिशेने जातो, आणि तो तुमच्या मुद्द्याला खरा आधार आहे. ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांपैकी महिन्यात २० किंवा जास्त दिवस ओढणारी किती? २०१९ मध्ये ३४.२ टक्के, २०२०मध्ये ३८.९, २०२१मध्ये ४३.६, २०२२मध्ये ४६. एकूण ओढणारी घटत होती तेव्हाही उरलेल्यांचं ओढणं घट्ट होत गेलं. इथे मोजायच्या पद्धतीचा फरक कमी आड येतो, कारण हा वाटा ओढणाऱ्यांच्या आतलाच आहे.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@आकडेमोड, उत्तम. २०२०चं ते पालकसभेत कुणीच सांगत नाही. शेवटचा आकडा मला हवा होता तोच. आमच्या शाळेत कुणीतरी 'व्हेपिंगचा प्रश्न सुटत आलाय' असं म्हणालं की मला हेच म्हणायचं असतं, की प्रश्न आकुंचन पावून एका कोपऱ्यात दाट झालाय.

---

जुना_सभासद

आमच्या वेळी कॉलेजात चारमिनार ओढायचे आणि पुढे नोकरी लागली की सोडायचे. कुणी समुपदेशन केलं नाही. हल्लीच्या पोरांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र लॅपटॉप, वर हातात क्रेडिट कार्ड. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असती तर कुठला व्हेप आणि कुठलं काय!

---

उकडीचा_बाण

@जुना_सभासद, "नोकरी लागली की सोडायचे" यातले किती जण आज इथे प्रतिसाद द्यायला आहेत तेही सांगा काका. (हलकेच घ्या.)

---

सांगलीचा_सॅम

काकांचं दोन खोल्यांचं मात्र मला पटतं, कारण माझं तसंच झालं.

मी २०२०ला पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इकडे केंद्राने १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा केला. बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्याला बंदी. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ओढणाऱ्यासाठी मात्र वेगळी शिक्षा नाही. प्रत्यक्षात काय झालं? आधी दुकानात काचेत मांडलेलं असायचं, नंतर इन्स्टावर मेसेज टाकायचा, कुणीतरी स्कूटरवर येऊन द्यायचा. टपरीवाल्याकडेही मिळायचं, पण त्याने तोंडओळख असल्याशिवाय काढलं नसतं.

मार्च २०२०ला हॉस्टेल रिकामं केलं आणि मी घरी सांगलीला. आई, बाबा, आजी, धाकटी बहीण. गच्ची सोडली तर एकट्याने उभं राहायला जागा नाही आणि गच्चीवर पापड. मिळायचंही बंद झालं होतं. पहिला आठवडा माझी सगळ्यांशी भांडणं झाली, झोप नाही, आजी म्हणाली पोराला दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात मी माणसात आलो, आणि श्रेय मोहऱ्यांना गेलं ते अजून त्यांच्याकडेच आहे.

माझा रूममेट मात्र पुण्यातच वाकडला एका फ्लॅटवर अडकला. घरी जायला पास मिळेना, मग ऑनलाइन इंटर्नशिप लागली म्हणून तिथेच राहिला. तिथे तो एकटा. त्याला कुठून मिळायचं मला माहीत नाही, पण मिळायचं. ऑक्टोबर २०२१मध्ये कॉलेजं उघडली तेव्हा भेटलो तर बोलताना दर पाच मिनिटांनी हात खिशात. मार्च २०२०पर्यंत आम्ही दोघे सारखेच होतो, फरक फक्त तो कुठे अडकला आणि मी कुठे, एवढाच.

---

चिऊची_आई

सॅम, तुझा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. सविस्तर नंतर लिहिते.

---

छातीठोक

व्यवसायाने छातीचा डॉक्टर, त्यामुळे आयडीला हसू नका.

सॅमने जे लिहिलंय ते वर्णन कुठल्याही पुस्तकात घालता येईल. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, सारखी भूक, उदास वाटणं, ही निकोटिन तुटल्याची लक्षणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. आता हीच यादी एकटेपणाने बेजार झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाची म्हणून वाचा. तंतोतंत तीच. मुलालाही फरक कळत नाही. त्याला वाटतं, मला चिंता वाटते, व्हेप ओढलं की शांत वाटतं, म्हणजे व्हेप माझं औषध आहे. खरं तर मागचा पफ उतरल्यामुळे आलेली बेचैनी पुढचा पफ घालवत असतो. बाहेर मित्र, खेळ, शाळा असते तेव्हा या चक्राला आपोआप खंड पडतो. दोन-तीन तास खेळात गेले की मुलाला कळतं, अरे, नाही ओढलं तरी मेलो नाही. बंद खोलीत हा खंडच पडला नाही.

दुसरा भाग रसायनाचा. जुन्या पद्धतीच्या द्रवात निकोटिन वाढवलं की घशाला झोंबायचं, त्यामुळे नवखा मुलगा खोकून बाजूला व्हायचा. २०१५ला जूल आलं ते निकोटिनच्या क्षारांसह. बेंझोइक आम्ल घातलं की तीव्रता जास्त असूनही घसा तक्रार करत नाही. अमेरिकेत पाच टक्क्यांचे पॉड (द्रव भरलेली काडतुसं) सर्रास होते. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पाच टक्के म्हणजे त्याच्या दुपटीहून खूप जास्त. धागाकर्तीने 'झीरो' करण्याबद्दल लिहिलंय, ते या घसा न जाळणाऱ्या द्रवामुळेच शक्य होतं. विडी छातीत तशी धरून दाखवा!

भीतीचाही परिणाम झाला, तोही सांगायला हवा. स्टॅनफर्डच्या गटाने मे २०२०मध्ये अमेरिकेतल्या १३ ते २४ वयाच्या मुलांची ऑनलाइन पाहणी केली. व्हेप वापरणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी साथ आल्यापासून वापर बदलल्याचं सांगितलं. बदललेल्यांतल्या साधारण एक तृतीयांशाने सोडलं होतं, त्याहून थोड्या जास्त जणांनी कमी केलं होतं, आणि सहांत एकाने निकोटिन वाढवलं होतं. सोडणाऱ्यांची कारणं साधी: फुप्फुसं कमजोर होतील ही भीती, घरच्यांना कळेल ही भीती, आणि माल न मिळणं. म्हणजे एकाच लॉकडाऊनने एकाला सोडवलं आणि दुसऱ्याला बुडवलं. सॅम आणि त्याचा रूममेट.

---

धूरकेतू

मी मेलबर्नला असतो. वीस वर्षं सिगरेट ओढली, व्हेपमुळे सुटली. या धाग्यावर व्हेप म्हणजे राक्षस असं चित्र उभं राहतंय, ते मला अन्यायाचं वाटतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्यानेच २०१५मध्ये सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक म्हटलं होतं. आमच्याकडे सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस घरात काढले. त्या काळात व्हेप नसतं तर मी परत पाकिटावर गेलो असतो हे नक्की. आणि इथे जुलै २०२४पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानात. परिणाम? काळा बाजार. पोरांना मिळतंच, मलाच रांगेत उभं राहावं लागतं.

---

छातीठोक

@धूरकेतू, तुमच्याबद्दल मला आनंदच आहे, आणि माझा पेशंट असतात तर मीही पुन्हा सिगरेटवर जाऊ नका हेच म्हटलं असतं. पण ते ९५ टक्के सिगरेटच्या *तुलनेत* आहेत, आणि त्या आकड्यावरही भरपूर वाद झालेत. जिने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही अशा नववीतल्या मुलीची तुलना कशाशी करायची? तिच्यासाठी दुसरी बाजू मोकळी हवा आहे, सिगरेट नाही.

---

धूरकेतू

ते मान्य. पण मग कायदा असा करा की दोन्ही गोष्टी साधतील.

---

उकडीचा_बाण

असा कायदा सापडला की इथे लिंक द्या, आम्ही सगळे वाचू.

---

लेस्टरकर

आमचं लेस्टर हे इंग्लंडमधलं पहिलं शहर जिथे बाकीचा देश उघडत असताना आम्हाला परत कोंडलं, २९ जून २०२०ला. आमच्या पोरांना कोंडून घ्यायचा सराव इतरांपेक्षा जरा जास्तच झाला.

इथली गोष्ट तुमच्यापेक्षा उलट्या क्रमाने घडली. अ‍ॅश ही संस्था दरवर्षी पाहणी करते. ११ ते १७ वयोगटात व्हेप वापरणारी मुलं २०२१मध्ये ३.३ टक्के होती, २०२२मध्ये एकदम ७. लॉकडाऊनमध्ये काहीच नव्हतं, उघडल्यावर दुप्पट! कारण मधल्या काळात रंगीत डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकून द्यायचे व्हेप, आले. एल्फ बार, गीक बार. पाच-सहा पौंडांत, चॉकलेटच्या काउंटरशेजारी, गुलाबी-निळे. आणि पोरांनी त्याआधी दीड वर्ष टिकटॉकवर दुसरं काय पाहिलं होतं? शाळेत परत गेली तेव्हा कुणाशी काय बोलायचं हेच विसरलेली. माझी पुतणी सांगायची, नव्या वर्गात ओळख करून घ्यायला सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे "कुठला फ्लेवर आहे?" एकटेपणाचा परिणाम कोंडलेलं असताना नाही, बाहेर पडल्यावर दिसला. १ जून २०२५पासून डिस्पोजेबलवर बंदी आहे. आता तेच खोकं चार्जिंगच्या भोकासह विकतात.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@लेस्टरकर, "कुठला फ्लेवर आहे" हे आमच्याकडेही अगदी असंच. २०२१च्या सप्टेंबरात मुलं पूर्णवेळ परत आली तेव्हा नववीतली मुलं वागायला सातवीतली वाटत होती. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन कुठे बसायचं याची भीती वाटायची म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसायची. आणि बाथरूममध्ये कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. बाथरूमचं 'जूल रूम' हे नाव जुनं, माल नवा.

डिस्पोजेबलची गोष्ट इथली जास्त चीड आणणारी आहे. केंद्राने २०२०च्या सुरुवातीला फ्लेवरवर कारवाई जाहीर केली, ती काडतूसवाल्या उपकरणांवर. डिस्पोजेबल त्यातून सुटले. पोरं कुठे जाणार? ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांत डिस्पोजेबलवाली २०१९मध्ये २.४ टक्के होती, २०२०मध्ये २६.५. न्यू जर्सीने मात्र सगळेच फ्लेवर बंद केले, तो कायदा लागू झाला २० एप्रिल २०२०ला, म्हणजे सगळे घरात असताना. दुकान बंद, फ्लेवर बंद, पण पोस्टमन चालू. टपालाने व्हेप पाठवण्यावर बंदीचा कायदा संसदेने डिसेंबर २०२०मध्ये केला आणि टपाल खात्याचा अंतिम नियम यायला ऑक्टोबर २०२१ उजाडलं. तोवर मुलं दारातलं पाकीट आई-बाबांच्या आधी उचलायला शिकली होती. ज्या घरात दिवसाला चार खोकी येतात तिथे पाचवं कोण मोजतं?

---

जुना_सभासद

पाकिटाचं खरं आहे. आमच्याकडे सून मागवते काय आणि येतं काय, दोन्ही कळत नाही.

---

चिऊची_आई

आता लिहिते. आम्ही ऑस्टिनला असतो. चिऊ धाकटी, हे तिच्या दादाबद्दल आहे. २०२०ला तो नववीत होता, बास्केटबॉल खेळायचा, घरात टिकायचा नाही. शाळा बंद झाली, टीम बंद झाली. आम्ही दोघंही घरून काम करत होतो आणि मला मनातून बरंच वाटायचं की चौघं एका छपराखाली आहोत. त्याच्या खोलीतून आंब्याचा वास यायचा. मी समजायचे रूम फ्रेशनर आहे. लॅपटॉपला कायम पेनड्राइव्हसारखं काहीतरी लावलेलं असायचं, त्याच्याकडे मी अनेकदा नुसती पाहून पुढे गेलेय.

आता तो युनिव्हर्सिटीत आहे. मागच्या सुट्टीत त्याने स्वतःहून सांगितलं, की आई मला सोडायचंय आणि सुटत नाहीये. बाबाने आकांडतांडव केलं, पेन कचऱ्यात टाकलं. दोन दिवसांनी नवीन आलं. आता तो आमच्याशी त्यावर बोलत नाही. डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं तर म्हणतो, मी काय व्यसनी आहे का. मी काय करू? शाळेत असताना सांगायला शाळा तरी होती.

---

सांगलीचा_सॅम

मावशी, त्याने स्वतःहून सांगितलं ना, ते धरून ठेवा. माझ्या रूममेटने अजून कुणालाच सांगितलेलं नाही. काकांना म्हणावं पेन फेकून काही होत नाही, नवीन घ्यायला पैसे जातात फक्त. आणि त्याच्यासोबत रोज संध्याकाळी कुणीतरी बास्केटबॉल खेळायला जा. मी गंमत करत नाहीये.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@चिऊची_आई, सॅमला पूर्ण अनुमोदन, खेळासकट. आमच्या शाळेतही पकडलेल्या मुलाला सस्पेंड करून घरी पाठवायची पद्धत होती. म्हणजे एकटेपणाने लागलेल्या मुलाला शिक्षा म्हणून पुन्हा एकटं घरी बसवायचं, तेही त्याच खोलीत. यावर मी अजून भांडते आहे.

त्याला डॉक्टर नको असेल तर मेसेजवरून सुरुवात करता येईल. ट्रुथ इनिशिएटिव्ह या संस्थेचा 'धिस इज क्विटिंग' या नावाने सुरू झालेला कार्यक्रम आहे, फुकट, फोनवर मेसेज येतात, कुणाच्या समोर बसावं लागत नाही. नुसतं समाधानापुरतं नाही, तपासून पाहिलेलं आहे. १३ ते १७ वयाच्या मुलांवर चाचणी झाली, सात महिन्यांनी मेसेज मिळणाऱ्यांत ३७.८ टक्के मुलं सोडलेल्या अवस्थेत होती, न मिळणाऱ्यांत २८. १८ ते २४ वयाच्यांत २४.१ विरुद्ध १८.६. फरक डोळे दिपवणारा नाही, पण रात्री दीड वाजता तल्लफ आली असताना मी तरी उपलब्ध नसते.

---

छातीठोक

आणि डॉक्टरांबद्दल. औषधं आहेत. व्हॅरेनिक्लिन हे सिगरेट सोडवायचं जुनं औषध १६ ते २५ वयाच्या, फक्त व्हेप ओढणाऱ्या तरुणांवर तपासलं गेलं, निकाल एप्रिल २०२५मध्ये आले. बारा आठवड्यांच्या उपचाराअखेर औषध घेणाऱ्यांत ५१ टक्क्यांनी सोडलेलं होतं, नकली गोळी घेणाऱ्यांत १४ टक्क्यांनी. दोन्ही गटांना समुपदेशन आणि मेसेज होतेच. तुमच्या मुलाचं वय त्यात बसतं. त्याला हे आकडे असेच्या असे दाखवा. 'व्यसनी' हा शब्द कुणी काढूच नका, 'मेंदूला निकोटिनची सवय झालीय आणि त्याला गोळी आहे' एवढं पुरे.

ताई, एकच गोष्ट त्याला शांतपणे विचारून ठेवा: सकाळी जाग आल्यावर पहिला पफ किती वेळाने घेतोस? सवय किती खोल आहे ते यावरून सगळ्यात लवकर कळतं. आणि पेनवरची निकोटिनची टक्केवारी बघून घ्या.

भारतातल्यांसाठी: १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन. तिचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलला आहे, मराठीत बोलता येतं. सॅम, तुझ्या मित्राला दे. मन उदास असेल तर टेलि-मानस, १४४१६.

---

सांगलीचा_सॅम

दिला नंबर. "बघू" म्हणाला. याआधी विषय काढला की फोन ठेवायचा.

---

धूरकेतू

@चिऊची_आई, मी वर भांडलो ते वेगळ्या मुद्द्यावर. मुलाला सांगा, एका जुन्या सिगरेटवाल्याचा निरोप आहे: पहिला आठवडा सगळ्यांशी भांडण होणार. भांड म्हणावं, मग माफी माग.

---

चिऊची_आई

सगळ्यांचे आभार. रविवारी फोनवर विचारलं. बाबा बाहेर गेल्यावर. म्हणाला, पांघरुणातून बाहेर यायच्या आधी पहिला, आणि रात्री मध्ये जाग आली तर तेव्हाही. मग बराच वेळ तोच बोलत होता, नववीतल्या त्या महिन्यांबद्दल, मी मध्ये काही बोलले नाही. गोळीचं ऐकून म्हणाला, टक्के खरे आहेत का? मी धाग्यावरचं तुमचं उत्तर भाषांतर करून पाठवलं. युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात त्याने स्वतः वेळ घेतलीय, बुधवारची. पेनवर पाच टक्के लिहिलंय.

---

छातीठोक

रात्री जाग येऊन ओढतो हे त्याने डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं, विचारायची वाट पाहू नये. कुठली आणखी औषधं चालू असतील, झोपेच्या किंवा मनाच्या तक्रारी पूर्वी असतील, तर तेही. व्हॅरेनिक्लिनमध्ये मळमळ होते आणि विचित्र स्वप्नं पडतात, गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. सोडायची तारीख साधारण आठवडाभर पुढची धरतात, म्हणजे बुधवारी गोळी मिळाली तर त्याच दिवशी पेन टाकायची गरज नाही. हे बाबांनाही आधीच सांगून ठेवा.

---

चिऊची_आई

बाबा हाच धागा वाचतायत, सोमवारपासून. आयडी सांगणार नाही म्हणाले.